डॉक्टरांनी विचारलं होतं

मार्तंडराव पहिल्यांदा पडले ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी. दमयंतीबाई स्वयंपाकघरात भोगीच्या भाकरीला तीळ लावत होत्या आणि न्हाणीघरातून बादली कलंडल्याचा आवाज आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाऊन बघतात तर मार्तंडराव भिंतीला पाठ लावून खाली बसलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नाही. हाक मारली, खांदा हलवला, तोंडावर पाणी मारलं. वीस मोजेपर्यंत काहीच नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "टॉवेल कुठंय?"

बाईंनी त्यांना पुसून, कपडे चढवून पलंगावर आणलं. सुंठ घालून कोमट दूध दिलं. अर्ध्या तासात गृहस्थ उठून बसले आणि बाजरीची भाकरी, भोगीची भाजी मागून घेऊन जेवले. बाईंच्या जिवात जीव आला. ताट उचलता उचलता त्या म्हणाल्या, "भार्गवीला यातलं काही बोलू नका हं. तिकडं उगाच काळजी करत बसेल."

"नाही बोलत," मार्तंडराव म्हणाले.

काळजीचं नुसतं नाव होतं. खरं कारण बाईंना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक भार्गवी पुण्याला बावधनला राहायची. आठव्या मजल्यावरच्या तिच्या घरात आईवडलांसाठी एक खोली दोन वर्षांपासून तयार होती. पलंग, कपाट, देवघराची फळीसुद्धा. दर फोनला तिचं पालुपद ठरलेलं, "आता इकडे या." दर वेळी बाई काहीतरी सबब सांगायच्या. शेवटी दिवाळीत भार्गवी म्हणाली होती, "बरं, राहा तिथंच. पण बाबा एकदा जरी पडले तरी मी काही ऐकून घेणार नाही. त्याच दिवशी गाडी घेऊन येईन." आणि बाईंनी हसत हसत ते कबूल केलं होतं.

दमयंतीबाईंनी नगरच्या एका मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर केडगावच्या घराच्या व्हरांड्यात सकाळी सात-आठ मुली त्यांच्याकडे गणिताला यायच्या. भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळा भाग त्यांना 'बाई' म्हणायचा. भार्गवीकडे त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. तिथल्या लिफ्टमध्ये बायका त्यांच्याकडे बघून गोड हसायच्या आणि पुन्हा आपल्या मोबाईलमध्ये डोकं घालायच्या. महिनाभरात कुणी त्यांना एक गोष्ट विचारली नाही. एकाहत्तराव्या वर्षी नुसतं 'भार्गवीची आई' होऊन बसायचं, हे बाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी हे कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

मार्तंडराव सत्त्याहत्तरचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माळीवाड्याच्या स्टँडवर त्यांचा आवाज चालायचा. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, वाटेत कुठं थांबते, हे त्यांना कागद न बघता सांगता यायचं. निवृत्त झाल्यावरही लोक घरी फोन करून विचारायचे, "काका, सकाळची बेलापूर किती वाजता?" आणि काका भाजी निवडता निवडता उत्तर द्यायचे.

त्या हिवाळ्यात हे उत्तर अडायला लागलं होतं. आधी गाड्यांच्या वेळा गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं. वर्तमानपत्र हातात धरून ते तासभर एकाच पानावर असायचे. चार पावलं टाकली की थांबायचे. विचारलं तर म्हणायचे, "डोक्यात धुकं आल्यासारखं होतंय गं."

बाईंना विसराळूपणाची भीती वाटली, पण तो आवाक्यातला वाटला. गणित कच्चं असलेल्या किती मुली त्यांनी सरावाने वर काढल्या होत्या! त्यांनी मार्तंडरावांचा अभ्यास सुरू केला. सकाळी चहा झाला की दहा प्रश्न. आज वार कोणता, तारीख काय, नातीचं नाव काय, सतरा चोक किती. एका वहीत उत्तरं लिहायची आणि खाली दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या महिन्यात मार्तंडरावांना सात-आठ पडायचे, तेव्हा दोघंही हसायचे. मग पाच पडायला लागले. हसणं कधी बंद झालं ते बाईंच्या लक्षात आलं नाही.

मे महिन्यात ते दुसऱ्यांदा पडले, अंगणात. धुण्याभांड्याला येणारी बायडाबाई जवळच होती, तिने त्यांना वरच्यावर धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. या वेळीही मिनिटभरात डोळे उघडले. बायडाबाई मूळची पाथर्डीकडची, मनात येईल ते बोलून टाकणारी. ती म्हणाली, "बाई, काकांचं काय खरं न्हाई. लई दमत्यात ते. भितीला धरून चालत्यात. पाय बगा कसं सुजल्यात. डाक्टरला दावा."

"ऊन लागलंय," बाई म्हणाल्या. "आणि दिवसभर खुर्चीत बसून पाय सुजणारच. तू कुठं बोलू नकोस."

"मी कुनाला सांगती?" बायडाबाई म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

जुलैत भार्गवी चार दिवस आली. वडील तिच्याकडे बघून हसले, पण तिचं नाव घ्यायला त्यांना वेळ लागला, तेव्हा ती हादरली. तिने दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर वयाने तरुण, पण माणूस नीट ऐकून घेणारा. त्यांनी मार्तंडरावांना घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. डोक्याचा फोटो पाहिला. मेंदू थोडा आकसलाय, बारीक रक्तवाहिन्यांचे डाग दिसतायत, या वयात दिसतात, म्हणाले. बाईंनी पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टरांनी ती चाळली, "इतकं व्यवस्थित कुणी आणत नाही," म्हणाले. बाईंना बरं वाटलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर येते का यांना? कधी पडले? शुद्ध हरपली?"

भार्गवी शेजारच्याच खुर्चीत बसली होती. मार्तंडरावांनी बाईंकडे पाहिलं. अलीकडे कुणी काही विचारलं की ते आधी त्यांच्याकडेच बघायचे.

"नाही," बाई म्हणाल्या. "तसं काही नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. नाडी धरली. "छप्पन्न. थोडी मंद आहे. ईसीजी काढलाय?"

"मागच्या वर्षी काढला. नॉर्मल होता." हे मात्र खरं होतं.

"मुद्दाम विचारलं," डॉक्टर गोळी लिहिता लिहिता म्हणाले, "कारण स्मरणशक्तीची ही गोळी काही जणांचे हृदयाचे ठोके आणखी मंद करते. चक्कर येणाऱ्या, पडणाऱ्या माणसाला मी ती आधी हृदय तपासल्याशिवाय देत नाही. मधे तसं काही झालं तर गोळी थांबवा आणि लगेच फोन करा."

बाईंच्या ओठांवर शब्द आले होते. दोनदा पडलेत, एवढंच म्हणायचं होतं. पण आता म्हटलं तर अर्ध्या मिनिटापूर्वी खोटं बोललो हेही सांगावं लागणार, आणि तेही लेकीसमोर. बाईंनी टेबलावरची वही उचलून पिशवीत घातली. डॉक्टरांनी कागद फाडून दिला, भार्गवीने तो जपून पर्समध्ये ठेवला आणि बाहेर आल्यावर आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, तू किती करतेस गं त्यांचं."

गोळ्या सुरू झाल्या आणि मार्तंडराव खालावत गेले. न्याहारी झाली की खुर्चीत डोळे मिटायचे ते जेवणापर्यंत. घास हातात धरून थांबायचे. हात गार पडलेले असायचे. बाईंना वाटलं, आजार वाढतोय, म्हणजे अभ्यास वाढवायला हवा. दहाचे वीस प्रश्न झाले.

नवरात्राच्या आसपासची एक सकाळ. व्हरांड्यात मुली उदाहरणं सोडवत बसल्या होत्या. आत बाईंनी प्रश्न घेतला, "आपल्या मुलीचं नाव काय?" मार्तंडराव बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज चढला, "अहो, पोटच्या पोरीचं नाव! एवढंसुद्धा येत नाही? बुद्धीला गंज चढवून बसलाय नुसते!"

बाहेरच्या मुलींच्या पेन्सिली थांबल्या. मार्तंडराव खुर्चीच्या हाताला धरून हळूहळू उठले आणि खाली मान घालून उभे राहिले. वर्गात उत्तर न आलेली पोर उभी राहते तसे. बसा म्हटल्याशिवाय ते बसले नाहीत.

बाईंना त्या क्षणी रागच आला होता. नंतर किती तरी दिवस त्यांना आपला तो राग आठवत राहिला.

दिवाळी झाल्यावर सविता आली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, माहेरची कराळे. दहावीला गणितात दोनदा नापास झाली होती आणि बाईंनी तिला संध्याकाळी घरी बसवून पास करून घेतलं होतं. आता ती शहरातल्या एका इस्पितळात मोठी सिस्टर होती. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. बाईंच्या पाया पडली, मग खुर्चीत बसलेल्या मार्तंडरावांच्या पायांवर हात ठेवून वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

तिने अंगठ्याने त्यांच्या घोट्यावर दाब दिला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच. मग तिने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत बसली. पूर्ण मिनिट झालं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"बाई," ती उठत म्हणाली, "काकांची नाडी बत्तीस आहे."

"मंदच असते त्यांची. डॉक्टर म्हणाले होते."

"बत्तीस म्हणजे मंद नाही बाई. हृदय असं चाललं तर वर डोक्याला रक्त कसं पुरणार? हे असं कधीपासून आहे? काका कधी चक्कर येऊन पडले होते?"

खोलीत त्या तिघांशिवाय कुणी नव्हतं. बाई म्हणाल्या, "दोनदा. जानेवारीत, आणि मे महिन्यात."

सविताने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. पत्रिकांची पिशवी तिथंच ठेवून तिने मोबाईल काढला. अर्ध्या तासात मार्तंडराव तिच्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात होते आणि त्यांच्या छातीला तारा लावलेल्या होत्या.

हृदयाचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी बाईंना बाजूला बसवून समजावून सांगितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा इशारा मधेच तुटतोय. आधी अधूनमधून तुटत असावा, आता जवळजवळ कायमचा. त्यामुळे ठोके कमी, मेंदूला रक्त कमी. "पेसमेकर बसवू. स्मरणशक्तीची गोळी आजपासून बंद. किती दिवसांपासून त्रास आहे, ते मात्र खरं खरं सांगा."

बाईंनी सगळं सांगितलं. तारखांसकट. शेजारी उभी राहून एक डॉक्टर मुलगी ते लिहून घेत होती. भार्गवी तेव्हा पुण्याहून निघून वाटेत होती.

दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी भार्गवी खोलीत शिरली तसे मार्तंडराव म्हणाले, "भार्गवी, तू केव्हा आलीस?"

भार्गवी तोंडावर हात ठेवून रडली. बाई पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून बाहेर गेल्या. बाटली भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मागून कुणीतरी हात घालून तो बंद केला.

घरी सोडायच्या दिवशी इस्पितळाचे कागद भार्गवीच्या हातात आले. ती पहिल्यापासून वाचणारी, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा वाचणारी. बाकावर बसून ती वाचत होती आणि बाई शेजारी मार्तंडरावांची चप्पल घेऊन बसल्या होत्या.

"आई, इथं काय लिहिलंय? दोनदा बेशुद्ध पडले. जानेवारी आणि मे." तिने मान वर केली. "चुकून दुसऱ्याचं लिहिलंय का?"

"नाही."

"मग? जुलैत तू त्या डॉक्टरांना नाही म्हणालीस. मी तिथंच बसले होते."

"तू बसली होतीस म्हणूनच," बाई म्हणाल्या.

भार्गवीला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. बाई वाट बघत होत्या की आता ही ओरडेल, बोलेल, काय वाट्टेल ते म्हणेल. ती ओरडली नाही. कागदांच्या घड्या घातल्या, ते फाइलीत ठेवले, फाइल बंद केली.

"मी रोज फोन करत होते आई," ती म्हणाली. "रोज विचारत होते, बाबा कसे आहेत."

"हो."

"ती गोळी मी आणून दिली. मी."

भार्गवी उठली आणि व्हीलचेअर आणायला गेली.

डॉक्टर म्हणाले होते, सुधारणा होईल, पण मेंदूला इतके महिने रक्त कमी पडलंय. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पाच-सहा महिने आधी आले असते तर जास्त हाती लागलं असतं. तसंच झालं. महिन्याभरात मार्तंडरावांच्या तोंडावर तेज आलं, पायांची सूज उतरली, हात उबदार लागायला लागले. ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचे. वर्तमानपत्राचं पान उलटायचे. बायडाबाईला तिच्या नातवंडांची नावं घेऊन विचारायचे. पण एसटीच्या वेळा आल्या नाहीत त्या नाहीतच. मधली काही वर्षंही गळून गेली. कुणी फोन करून गाडीची वेळ विचारली की ते फोन बाईंच्या हातात द्यायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

आणखी एक गोष्ट झाली. पुष्कळ काही विसरलेला तो माणूस सकाळची परीक्षा विसरला नव्हता. बाईंनी वही इस्पितळातून आल्याच्या दिवशीच बंबात घातली होती. तरी चहा झाला की मार्तंडराव खुर्चीत ताठ बसायचे आणि आपणहून सुरू करायचे, "आज गुरुवार. बारा तारीख. मुलीचं नाव भार्गवी, नातीचं मनवा."

"अहो, मी काही विचारलं नाही," बाई म्हणायच्या. "बंद केलंय ते सगळं. चहा घ्या."

"हो, हो," ते म्हणायचे, आणि मग जरा थांबून, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत, "बरोबर आलं ना पण?"

बाई 'बरोबर' म्हणायच्या तेव्हा कुठे ते कपाला हात लावायचे. असं रोज.

एका दुपारी बाईंना राहवलं नाही. मार्तंडराव उन्हात बसून शेंगा फोडत होते. बाई त्यांच्यासमोर पाटावर बसल्या.

"तुम्हाला एक सांगायचंय. जानेवारीत तुम्ही न्हाणीघरात पडला होतात. मी कुणाला कळू दिलं नाही. पुण्याला जावं लागू नये म्हणून. तेव्हाच बोलले असते, तर तुमचं बरंच वाचलं असतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, तरी मी खोटं बोलले." बाईंनी पाट आणखी जवळ ओढला. "माझं चुकलं. फार चुकलं."

मार्तंडराव हातातली शेंग फोडायची थांबले. त्यांनी खूप प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घातल्या. मग अपराध्यासारखे म्हणाले, "मी पडलो होतो? मला नाही गं आठवत."

"दोनदा पडलात."

"नाही आठवत," ते पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला. "हे पण विचारणार होतीस का?"

बाईंनी त्यांचा हात धरला. आणखी बोललं असतं तरी ते कुठं पोचलं असतं? ज्या दिवसांबद्दल क्षमा मागायची, ते दिवसच त्या माणसापाशी उरले नव्हते. उरली होती ती फक्त बाईंबद्दलची भीती. संध्याकाळपर्यंत त्यांनी शेंगांची टोपली संपवली, दोघांनी मिळून.

भार्गवी आता पंधरा दिवसांनी येते. पुण्याला चला, हे तिने पुन्हा काढलं नाही. बाईंनीच एकदा विषय काढला, आम्ही येतो तिकडे, म्हणाल्या. तेव्हा भार्गवी म्हणाली, "आता बाबांना नवी जागा झेपायची नाही. डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या घरातच बरं." म्हणजे बाईंना हवं होतं ते मिळालं. व्हरांडा मिळाला, केडगाव मिळालं. सकाळच्या मुलींना मात्र त्यांनी दुसऱ्या बाईंकडे पाठवून दिलं. मोठ्याने काही शिकवायला लागलं की आतल्या खोलीत मार्तंडराव उठून उभे राहायचे.

रोजचा फोन येतो, पण भार्गवी आईला 'बाबा कसे आहेत' असं विचारत नाही. ते ती सविताला विचारते. सविता आठवड्यातून दोनदा येऊन नाडी, वजन, पाय बघून जाते आणि पुण्याला कळवते. बाईंना ती तेवढ्याच आदराने बाई म्हणते.

परवा फोन आला तेव्हा मार्तंडरावांनीच उचलला. "आज आम्ही देवीला जाऊन आलो," ते लेकीला सांगत होते. "छान दर्शन झालं. अजिबात दमलो नाही." मग बराच वेळ हसून बोलले आणि फोन बाईंकडे दिला.

पलीकडून भार्गवी म्हणाली, "खरंच गेला होतात?"

"नाही. गेलो होतो ते गेल्या मंगळवारी," बाई म्हणाल्या. मार्तंडराव समोरच होते, म्हणून त्या फोन घेऊन अंगणात गेल्या. "आज घरीच होते. दुपारी जिना चढताना दोनदा थांबले, दम लागला होता. उजव्या पायावर थोडी सूज वाटतेय. मी सविताला बोलावलं होतं. ती म्हणाली, नाडी सत्तर आहे, पण डॉक्टरांना दाखवून घेऊ. उद्या अकराची वेळ मिळालीये."

"बरं," भार्गवी म्हणाली. "मी येते उद्या. अकराच्या आत पोचते."

"ये," बाई म्हणाल्या.

आणखी काही बोलेल म्हणून त्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पण तिकडून फोन ठेवला गेला होता. आतून मार्तंडराव विचारत होते, कुणाचा फोन होता.